हुमणी : मुळे खाणाऱ्या अळीची ओळख आणि बंदोबस्त

श्रावण-भाद्रपदात पाऊस समाधानकारक असतो, जमीन ओली असते आणि तरीही अंगणातले एखादे गुलाबाचे झाड भर दुपारी मान टाकते. सायंकाळी ते थोडे सावरते, दुसऱ्या दिवशी पुन्हा मलूल होते. आठवड्याभरात पाने पिवळी पडतात आणि पंधरवड्यात झाड वाळून जाते. अशा वेळी आपला हात प्रथम पाण्याच्या झारीकडे जातो, मग खताच्या पिशवीकडे आणि शेवटी औषधाच्या बाटलीकडे. पानांवर फवारणी होते, खोडाभोवती पावडर टाकली जाते. झाड मात्र वाचत नाही. कारण बिघाड जिथे आहे तिथे कोणी पाहिलेलेच नसते. बिघाड मुळांत असतो आणि मुळे मातीआड असतात.

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने कीटकांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु पीक कर्जाच्या पाहणीसाठी शेतांच्या बांधांवरून फिरणाऱ्या बँक अधिकाऱ्याला काही गोष्टी पुस्तकाआधी पिकेच शिकवितात. उसाच्या फडात भेटलेली अळीच पुढे शहरातल्या बंगल्याच्या हिरवळीखाली आणि गच्चीवरच्या कुंडीतही भेटते. या अळीस महाराष्ट्रात हुमणी म्हणतात. काही भागांत उन्नी हे नाव प्रचलित आहे. बदलीच्या नोकरीत असलेल्या आपल्या सहकाऱ्यांना ती राजस्थानात सफेद लट, कर्नाटकात गोण्णे हुळू आणि उत्तराखंडाच्या डोंगरात कुरमुला या नावांनी भेटेल.

या अळीमुळे काय पणाला लागते, हे एका पाहणीच्या वेळी नीट ध्यानात आले. आमच्या एका खातेदार भगिनींचा दीड एकर ऊस होता. ऑगस्टमध्ये पाने पिवळसर दिसू लागली. नत्र कमी पडले असावे, असे समजून त्यांनी युरियाची पोती आणून टाकली. पाण्याची पाळीही वाढविली. सप्टेंबरच्या अखेरीस पाहणीस गेलो तेव्हा उसाचे एक बेट हलकेच ओढताच ते मुळासकट हातात आले. मुळासकट म्हणणेही चूकच, कारण मुळे उरलीच नव्हती. खालच्या मातीत करंगळीएवढ्या जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या वळवळत होत्या. पीक कर्ज उभ्या पिकाच्या भरवशावर दिलेले असते आणि ते पीक जमिनीवर उभे दिसत असतानाच जमिनीखाली संपलेले होते. बांधापलीकडच्या शेतकऱ्याचा ऊस मात्र बऱ्यापैकी शाबूत होता. त्यांना विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “साहेब, आमच्या पोरांनी जूनमध्येच लिंबावरचे भुंगेरे गोळा केले होते.” हुमणीच्या बंदोबस्ताचे मर्म या एका वाक्यात आहे. नुकसान भाद्रपदात दिसते, पण ते टाळण्याची संधी मृगाच्या आगेमागे येऊन गेलेली असते.

प्रथम खणून पाहावे

झाड मलूल होताच औषध आणण्याआधी खुरपे आणावे. झाडाचे खोड हलकेच ओढून पाहावे. निरोगी झाड जमीन सोडत नाही. हिरवळ पिवळी पडली असेल तर तिची कड धरून उचलावी. हुमणीने मुळे खाल्ली असल्यास गवताचा थर सतरंजीसारखा गुंडाळत वर येतो. नंतर झाडाच्या बुंध्यापासून जवळच एक फूट लांब, एक फूट रुंद आणि सुमारे नऊ इंच खोल माती काढून ती पोत्यावर पसरावी आणि हाताने चाळावी. पंधरा मिनिटांचे हे काम आहे. पुढचा सर्व खर्च करावयाचा की नाही, हे त्यावर ठरते.

मातीत मिळालेली प्रत्येक अळी हुमणी नसते. हुमणीची पूर्ण वाढलेली अळी चार ते पाच सेंटिमीटर लांब, मळकट पांढरी आणि इंग्रजी ‘सी’ अक्षराप्रमाणे वाकलेली असते. डोके तपकिरी व कठीण, जबडे मजबूत, छातीपाशी पायांच्या तीन जोड्या आणि शेपटीकडचा भाग पोटातल्या मातीमुळे काळसर दिसणारा, ही तिची खूण. याउलट रोपाचा कोंब जमिनीलगत कापून टाकणारी अळी करड्या रंगाची असते, स्पर्श होताच पूर्ण वेटोळे करते आणि ती पुढे पतंग होणारी असते. तिचा या लेखाशी संबंध नाही.

खरा घोटाळा कंपोस्टच्या खड्ड्यात होतो. खत उपसताना त्यात पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या की घरात घबराट होते आणि चांगल्या खतावर विष ओतले जाते. यांतील पुष्कळशा अळ्या फुलांवर येणाऱ्या भुंग्यांच्या असून त्या कुजणारा पालापाचोळाच खातात. आपले खत बारीक करून देणाऱ्या त्या बिनपगारी नोकर आहेत. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. अळी सपाट फरशीवर ठेवावी. ती पाठीवर उलटी होऊन, पाय वर करून, पाठीच्या बळावर सरकू लागली तर ती कुजका पाला खाणाऱ्यांपैकी आहे, असे समजावे. हुमणी कुशीवर पडून राहते. मात्र अंगणात नारळ असल्यास आणखी एक काळजी घ्यावी लागते. खतात अंगठ्याहून जाड, फार मोठ्या अळ्या आढळल्या तर त्या नारळाचा कोवळा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या असू शकतात. त्या मुळे खात नाहीत, तथापि त्यांचा भुंगा माडाचा वैरी आहे. म्हणून कोकण, गोवा, केरळ या पट्ट्यात त्या वेचून नष्ट करणेच इष्ट.

मुळांची इतर दुखणीही थोडक्यात सांगतो. मुळे पोकळ होऊन त्यांत माती भरलेली दिसली आणि खोडावर मातीचे बोगदे असले तर ती वाळवी. तिचा उपद्रव बहुधा कोरड्या दिवसांत आणि आधीच अशक्त झालेल्या झाडांस होतो. कुंडी उलटी करून मातीचा गोळा बाहेर काढल्यावर मुळांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण होय. अशा वेळी मुळे धुऊन, माती पूर्णपणे बदलून, कुंडीही स्वच्छ करावी आणि मुंग्यांचा बंदोबस्त करावा. कुंडीभोवती चिलटांसारख्या काळ्या माश्या उडत असतील तर त्यांच्या बारीक, काळ्या डोक्याच्या अळ्या मातीत आहेत आणि आपण पाणी जास्त घालीत आहोत, असा त्याचा अर्थ. वरची इंचभर माती वाळू दिली की त्या कमी होतात. टोमॅटो-वांग्याच्या मुळांवर गाठी आढळल्या तर ते सूत्रकृमींचे काम असते. सूत्रकृमी हे कीटक नव्हेत, त्यामुळे कीटकांचे औषध त्यांच्यासाठी आणणे व्यर्थ. वाल, घेवडा, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठी मात्र हितकारक असतात. त्या नखाने सहज सुटतात आणि आत गुलाबीसर दिसतात. सूत्रकृमींची गाठ ही मुळाचाच फुगलेला भाग असल्याने ती सुटत नाही. हा फरक ठाऊक नसल्याने घेवड्याचे निरोगी वेल उपटून टाकलेले मी पाहिले आहेत.

अळीचे वर्ष

महाराष्ट्रात हुमणीच्या दोन जाती प्रामुख्याने त्रास देतात. होलोट्रिकिया सेराटा ही माळावरची हुमणी आणि ल्युकोफोलिस लेपिडोफोरा ही पश्चिम महाराष्ट्रातील नदीकाठची हुमणी. बागेत आणि हलक्या, मुरमाड जमिनीत पहिलीची गाठ अधिक पडते, म्हणून तिचेच वर्ष पाहू.

वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की जमिनीत निपचित बसलेले तांबूस-काळे भुंगेरे सायंकाळी सात-साडेसातच्या सुमारास बाहेर पडतात. ते जवळच्या कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात, तेथे त्यांचे मीलन होते आणि रात्रभर ते पाने खातात. पहाटेपूर्वी पुन्हा मातीत शिरतात. धान्याच्या कणगीत किडीसाठी आपण ज्या कडुनिंबाचा पाला घालतो, तोच पाला या भुंगेऱ्याचे आवडते खाद्य असावे, ही निसर्गाची थट्टाच म्हणावयाची. काही दिवसांनी मादी मातीत काही इंच खोल एकेक करून पन्नास-साठ अंडी घालते. ती सुरुवातीस लांबट असतात आणि पुढे साबुदाण्यासारखी गोल होतात. दहा-पंधरा दिवसांत अळी बाहेर येते. प्रारंभी ती मातीतील कुजके सेंद्रिय पदार्थ आणि तंतुमुळे यांवर जगते. दोनदा कात टाकून ती तिसऱ्या अवस्थेत पोहोचते आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तिची भूक कमाल मर्यादेस जाते. एका झाडाची मुळे संपली की ती मातीतूनच शेजारच्या झाडाकडे सरकते; म्हणूनच झाडे एकामागून एक, ओळीने वाळतात. पुढे ती खोल जाऊन कोषात जाते, हिवाळ्यात भुंगेरा तयार होतो आणि पुढील वळवाची वाट पाहत मातीतच बसून राहतो. वर्षाला एक पिढी, असा हा हिशेब आहे.

या हिशेबात आपल्याला सोयीची अशी एकच जागा आहे. वर्षभर मातीत दडलेला हा कीटक काही आठवडे, दररोज ठरावीक वेळी, ठरावीक झाडांवर, आपल्या डोळ्यांसमोर येतो. रात्री साडेसात ते नऊ या वेळेत झाडाखाली जुनी चादर अंथरावी, काठीला आकडी बांधून फांद्या हलवाव्यात, पडलेले भुंगेरे रॉकेल किंवा साबण मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकावेत. मुलांना हे काम फार आवडते. शंभर भुंगेरे पकडले आणि त्यांतील निम्म्या माद्या धरल्या तरी अडीच ते तीन हजार अंडी टळतात. तेवढ्याच अळ्या सप्टेंबरमध्ये मातीतून शोधून मारावयाच्या झाल्यास किती श्रम आणि किती पैसा लागेल, याचे गणित वाचकांनीच करावे. वसुलीच्या कामाचा अनुभव असलेल्या माझ्या सहकाऱ्यांना हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मात्र हे काम एकट्याने करून पुरेसे फळ मिळत नाही. आपल्या अंगणातील लिंब झाडला आणि शेजारच्याने नाही झाडला, तर त्याचे भुंगेरे आपल्या मातीत अंडी घालावयास मोकळे असतात. गृहसंकुलात दिव्याखाली भुंगेरे पडलेले दिसू लागताच आठ-दहा घरांनी मिळून सलग पंधरा दिवस हा उपक्रम करावा. गावात तर तो सर्वांनी एकाच वेळी केला पाहिजे. प्रकाश सापळे लावल्यास मदत होते, पण ते रात्रभर न जळता भुंगेरे उडण्याच्या वेळेपुरतेच लावावेत. अन्यथा उपयुक्त कीटकही मरतात.

इतर प्रांतांतील रीत

महाराष्ट्रातला हा उपाय जसाच्या तसा सर्वत्र लागू पडत नाही, ही गोष्ट अन्य राज्यांत नेमणुकीवर असलेल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. राजस्थानात भुईमुगावर होलोट्रिकिया कॉन्सँग्विनिया ही जात पडते. तिच्या मादीचा गंध म्हणजे मेथॉक्सीबेन्झिन हे साधे रसायन असल्याचे १९९० च्या दशकात निष्पन्न झाले. ते स्पंजच्या तुकड्यावर घेऊन खेजडी, बोर किंवा लिंबाच्या एखाद्या झाडावर टांगले की भोवतालचे भुंगेरे त्या एकाच झाडावर येतात आणि सर्व झाडे झाडीत बसावे लागत नाही. 

आसामात ब्रह्मपुत्रेतील माजुली बेटावर निराळीच अडचण उभी राहिली. तेथील लेपिडिओटा मॅन्सुएटा या जातीचे जीवनचक्र दोन वर्षांचे असून तिचे भुंगेरे पाने खातच नाहीत. मग लिंबावर किंवा बोरीवर त्यांची वाट पाहून उपयोग काय? जोरहाट येथील आसाम कृषी विद्यापीठाने प्रकाश सापळे आणि गावकऱ्यांचा सहभाग यांवर भर दिला. लोकांनी भुंगेरे मोठ्या प्रमाणात गोळा केले आणि स्थानिक आहारपद्धतीस अनुसरून ते खाण्यासही उत्तेजन देण्यात आले. आपल्याला हे वाचून कसेसे होईल, परंतु ज्या उपायात कीड कमी होते आणि पोटातही काही पडते, त्यास नावे ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

उरलेल्या वर्षातील कामे

भुंगेऱ्यांचा मोसम हुकला तरी हातपाय गाळण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत, वाफे खोल खणून माती उन्हात उलटीपालटी करावी. शेतात नांगरामागे बगळे, कावळे, साळुंक्या चालतात. अंगणातही हे पाहुणे येतात, त्यांना हाकलू नये. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे. अर्धवट कुजलेले खत अळ्यांना पोसते आणि काही वेळा अंडी व अळ्या त्याच पोत्यातून आपल्या वाफ्यात उतरतात. म्हणून विकत घेतलेले खत पसरण्यापूर्वी चाळून पाहावे. कुंड्यांच्या बाबतीत माती बदलणे हाच सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

जैविक उपायांत मेटारायझियम या बुरशीचे नाव अग्रभागी आहे. ती अळीच्या कातडीतून आत शिरते. मेलेली अळी कडक होऊन तिच्यावर हिरवट बुरशी चढते. शेतासाठी हेक्टरी २० किलो मेटारायझियम चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून देण्याची शिफारस प्रचलित आहे. बागेसाठी पाकिटावरील प्रमाण पाहावे. कीटकांना मारणाऱ्या सूत्रकृमींचाही असाच उपयोग होतो. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींहून हे वेगळे असून झाडास अपाय करीत नाहीत. दोन्ही जिवंत वस्तू आहेत, हे विसरता कामा नये. उन्हात तापलेल्या दुकानातील, मुदत उलटलेले पाकीट आणून कोरड्या मातीत टाकले आणि त्याच आठवड्यात बुरशीनाशकही ओतले, तर गुण येणार नाही. पावसाळ्याच्या आरंभी, अळ्या लहान असताना, ओल्या मातीत, सायंकाळी हे द्यावे आणि काही आठवडे धीर धरावा. निंबोळी पेंड जमिनीस चांगली आणि गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींवर उपयोगी असली तरी हुमणीचा बंदोबस्त केवळ तिच्यावर सोपविणे मला योग्य वाटत नाही.

रासायनिक औषधांबाबत स्पष्ट बोलणे भाग आहे. जुन्या पुस्तकांत बीएचसी, आल्ड्रिन, फोरेट यांची नावे हमखास आढळतात. पहिली दोन औषधे देशात पूर्वीच बंद झाली. थिमेट या नावाने घराघरांत पोहोचलेल्या फोरेटवरही केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. कोणाच्या माळ्यावर जुना डबा पडला असेल तर तो ‘थोडासा वापरून संपवू’ असे म्हणू नये. विहिरीत किंवा गटारात तर मुळीच टाकू नये. कुलूपबंद ठेवून कृषी कार्यालयाकडे विचारणा करावी. २०१८ च्या हंगामात सोलापूर, पुणे, तत्कालीन अहमदनगर आणि मराठवाड्याच्या काही भागांत उसावर हुमणीचा मोठा प्रादुर्भाव झाला होता. तशा प्रसंगी शेतात नोंदणीकृत कीटकनाशकाची आळवणी करावी लागते आणि ती कृषी विद्यापीठाच्या किंवा मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या सल्ल्यानेच करावी. परंतु ज्या वाफ्यातली मेथी दुपारी ताटात येते, मुले जेथे अनवाणी खेळतात, त्या अंगणात मातीत विष ओतण्याइतकी निकड क्वचितच असते. तिसऱ्या अवस्थेतील जाड अळी औषधाला सहजी दादही देत नाही. गांडुळे मात्र आधी मरतात. औषध घेणे झालेच तर डब्यावरील तिरप्या चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहावा. लाल रंग सर्वाधिक विषारी औषधाचा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा.

झाड वाळू लागल्यावर सप्टेंबरमध्ये ते वाचविता येते का, असा प्रश्न हमखास विचारला जातो. निम्मी मुळे शिल्लक असतील तर येते. बुंध्याभोवतीची माती काढून अळ्या हाताने वेचाव्यात, फांद्यांची छाटणी करून पानांचा भार कमी करावा, नवी माती व कुजलेले खत भरून झाडास आधार द्यावा आणि पाणी थोडे थोडे द्यावे. शेजारच्या दोन्ही झाडांची मातीही त्याच दिवशी पाहावी, कारण अळ्यांची पुढची पायरी तीच असते.

ओळख पटत नसेल तर नमुना घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जावे अथवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर आपल्या भाषेत विचारावे. नमुना नेताना अळ्या एकाच डबीत एकत्र ठेवू नयेत; त्या एकमेकींना चावतात आणि केंद्रात पोहोचेपर्यंत ओळखण्याजोगे काही उरत नाही. प्रत्येक अळी वेगळ्या डबीत, तिच्याच वाफ्यातील मूठभर ओलसर मातीत ठेवावी आणि झाकणाला बारीक भोके पाडावीत.